काचेआडचं ऊन

मी काच आहे. धायरीतल्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीला मला बसवलंय. एरवी बोलणं हा काही माझा धर्म नाही. पण या घरात जे बोलायला हवं, ते कुणीच बोलत नाही म्हटल्यावर माझाच धीर सुटला.

माझा जन्म कुठल्याशा भट्टीत झाला. ते दिवस मला आठवत नाहीत. माणसांना तरी स्वतःचा जन्म कुठे आठवतो? मला आठवतं ते कसबा पेठेतलं शमशुद्दीनभाईंचं दुकान. तिथे मी भिंतीला टेकून गिऱ्हाइकाची वाट बघत उभी असायचे. एक दिवस समाधान नावाचा तरुण आला. हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, नवाकोरा फ्लॅट आणि बाल्कनीत कबुतरांचा उच्छाद. त्याला बाल्कनी बंद करून घ्यायची होती. शमशुद्दीनभाईंनी मला टिचकी मारून सांगितलं, "धूळ अडेल, वारा अडेल, कबुतर फिरकणार नाही. ऊन मात्र सगळंच्या सगळं घरात."

मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! कारागिराच्या मनात काही खोट नव्हती. दिसायला ऊन येतच होतं की.

घर भलं होतं. समाधान आणि त्याची बायको अक्षता दोघंही कंपनीच्या बसने जायची, आणि परत यायची तेव्हा दिवे लागलेले असायचे. घरी समाधानचे वडील भीमराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि तिरकस बोलण्यात पटाईत. आणि आई, प्रेमलाबाई. बाई लहानपणी रानात खुरपायला जायची; उन्हाशी तिची जुनी ओळख. फ्लॅटमध्ये आल्यापासून मात्र तिचं बाहेर जाणं तुटलं. शेजारी नवी इमारत उठत होती, त्या धुळीपायी मी सदा बंद. सकाळी वंदना झाली की ती माझ्यामागे पाट टाकून बसायची आणि डोळे मिटून ऊन खायची.

मग आयुष जन्माला आला. अक्षताची रजा संपली आणि बाळ आजीच्या ओटीत आलं. काय कौतुक त्याचं! रोज सकाळी तेल लावून, पायांवर उताणा घेऊन ती त्याला माझ्यातून येणाऱ्या कोवळ्या उन्हात धरायची. बाळाच्या डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज द्यायला सांगितले होते. तेव्हाच कुणीतरी प्रेमलाबाईंना समजावलं की हे जीवनसत्त्व उन्हातून मिळतं. झालं! बाईच्या मनात हिशेब सरळ बसला. उन्हातून मिळतं, तर मग एवढ्याशा जिवाला रोज औषध कशाला? बाटली फडताळात मागे गेली.

अक्षता ऑफिसातून रोज फोन करायची. "आई, आज डी दिलं ना?"

"दिलं गं. सकाळीच दिलं."

एक थेंबांबद्दल विचारत होती, दुसरी उन्हाबद्दल सांगत होती. दोघीही खरंच बोलत होत्या. मी मध्ये उभी होते. उन्हातली एक जात माझ्यापाशी येऊन अडते, पलीकडे जातच नाही, हे मला जाणवायचं. नेमकी तीच त्या लेकराला हवी होती. पण काचेला तोंड कुठे असतं?

आयुष वर्षाचा झाला, आणखीही मोठा झाला, पण पाऊल टाकेना. धरून उभा केला की पाय धनुकलीसारखे बाहेर वाकायचे. "चालेल सावकाश. त्याचा बाप अजून बसमध्ये झोपूनच जातो," असं भीमराव म्हणाले खरे, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी मनगटं चाचपली आणि रक्त तपासायला सांगितलं.

रिपोर्ट आला तो समाधानने बाल्कनीत, माझ्यासमोरच वाचला. ड जीवनसत्त्व: आठ.

"कितीपैकी?" भीमरावांनी विचारलं.

समाधानने समजावलं, की हे काही परीक्षेचे गुण नव्हेत. अंगात साठा किती आहे, ते हा आकडा सांगतो. वीसच्या खाली गेला म्हणजे कमतरता, आणि तीसच्या वर असला म्हणजे जिवाला घोर नाही. साठा नसला की प्यायलेलं दूध हाडांना लागत नाही, हाडं मऊ पडतात आणि अंगाच्या भाराने वाकतात.

"मशीन चुकलं असेल," प्रेमलाबाई म्हणाली. "मी एक दिवस चुकवला नाही."

तेव्हा अक्षताला उलगडा झाला. तिने फडताळातून बाटली काढली. बाटली जवळजवळ भरलेली होती. डॉक्टरांनी तिला आधीच विचारलं होतं, ऊन कुठे देता म्हणून. काचेआड ते मिळत नाही आणि सकाळच्या कोवळ्या उन्हातही नावापुरतंच असतं, असं ते म्हणाले होते. तिने ते सगळं सांगितलं आणि मग हलक्या आवाजात म्हणाली, "आई, रोज विचारत होते मी. तुम्ही रोज खोटं सांगितलंत."

प्रेमलाबाईला आपली बाजू मांडता आली असती, पण तिने नातवाच्या पायांवरून नुसता हात फिरवला.

पुढे सगळं रीतसर झालं. औषध अक्षता स्वतःच्या हाताने देऊ लागली. अकराच्या सुमाराला भीमराव नातवाला गच्चीवर न्यायला लागले. काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं तर आकडा तिसाच्या वर. पाय सरळ होतील असं डॉक्टर म्हणाले, आणि एका रविवारी आयुष सोफ्यापासून टीव्हीपर्यंत आपला आपण चालत गेला. घरात पेढे आले. प्रेमलाबाईने पेढा हातात घेतला आणि तसाच वाटीत ठेवला.

आता सकाळी बाळ तिच्या पायांवर नसतं. ती एकटीच माझ्यामागे बसते. परवा माझ्यावर कपाळ टेकून म्हणाली, "माझ्या हातांनी वाकवले मी लेकराचे पाय." मी थंडगार पडले. माझ्यात कढ असता तर तेव्हाच तडकले असते.

आणि हे कुणाला दिसत नाही. पाटावरून उठताना ती माझी चौकट धरते. पहिल्यांदा उठणं जमत नाही. दोन्ही मांड्यांवर हात रेटून, तोंडातून आवाज न काढता, ती उभी राहते आणि बदकासारखी डुलत आत जाते. गच्चीचा जिना तिला चढवत नाही. भीमराव बोलावतात, तेव्हा म्हणते, "मला कशाला हवंय आता ऊन?" घरच्यांना वाटतं ती रुसलीय. तिला स्वतःला वाटतं, वय झालं, आणि केल्या कर्माची फळं आहेत, मुकाट्याने सोसावीत.

अहो, पण ती याच काचेआड बसत आलीय ना? आयुष जन्मायच्या आधीपासून! जे त्याच्यापर्यंत पोहोचलं नाही, ते तिच्यापर्यंत तरी कुठून पोहोचणार? या घरात आता सगळ्यांना आकडे कळतात. भीमराव तर शेजाऱ्यांनाही शिकवतात. पण तिचा आकडा किती, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. तिच्यावर सगळे रागावलेत, आणि रागावलेल्या माणसांना तिचं डुलत चालणं दिसत नाही.

आज सकाळी चौकट धरूनही तिला उठता आलं नाही. ती पुन्हा पाटावर बसली, पदर तोंडात धरला आणि घर रिकामं व्हायची वाट बघत राहिली. पलीकडे अक्षता बसच्या घाईत चपला घालत होती.

अक्षता, बाळे, एकदा मागे वळून बघ. मला उघडा, उचकटून फेका, हवं तर दगड घाला. तुकडे तुकडे व्हायला मी तयार आहे. पण तिचं रक्त तपासा गं.