न तपासलेला क्रँकशाफ्ट

हडपसरच्या वर्कशॉपमध्ये रंगनाथचं काम ठरलेलं होतं. दुरुस्तीला आलेल्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा मुख्य दांडा, टोकाच्या फ्लायव्हील या जड चाकासकट मशीनवर फिरवून पाहायचा. जिथे जड भरेल तिथे भोक पाडून लोखंड कमी करायचं आणि तोल साधला की रिपोर्टवर सही करायची. पण घाई असली की तो दांडा मशीनवर न चढवताच सही ठोकी. "चालतंय हो, आजवर कोण परत आलंय?" आपणही आपापल्या कामात असं म्हणतोच की!

एक दिवस गेनबा परत आला. फुरसुंगीचा शेतकरी. इथूनच दुरुस्त होऊन गेलेलं त्याचं इंजिन दिवेघाटात जाम झालं, गाडी वळणावरच थांबली आणि मागून ट्रक आदळला. शेजारी बसलेली त्याची बायको, हिरा, जागीच गेली.

"गाडी थरथरत हुती," गेनबा सांगत होता. "हिरा म्हनली बी, थांबवा. म्याच आयकलं न्हाई. म्याच मारली तिला."

रंगनाथला आठवलं. तो दांडा मशीनवर चढलाच नव्हता. तरी तो गप्प राहिला.

त्या दिवसापासून ती थरथर त्याच्या मागे लागली. डब्यातली आमटी हलताना दिसे. भर दुपारी बसमध्ये कानाशी कुणी बाई म्हणे, "थांबवा." वळून पाहावं, तर शेजारची सीट रिकामी!

अखेर त्याने जुने मशिनिस्ट सिराजचाचा यांना सगळं सांगितलं. "पोलिसांत माझं नाव नाही, चाचा. गप्प बसलो तर?"

"बस की! तुझं पाप तो माणूस स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरतोय. आयतंच मिळालंय."

रंगनाथ तडक फुरसुंगीला गेला. "दादा, चूक तुमची नव्हती. मी दांड्याचा तोल तपासलाच नव्हता!"

गेनबाने हात उगारला नाही, माफही केलं नाही. एवढंच विचारलं, "आजून किती गाड्या अशा सोडल्यात?"

हा विचार रंगनाथच्या मनात आलाच नव्हता!

दुसऱ्या दिवशी त्याने वर्कशॉपच्या मालकांपुढे सगळं कबूल केलं आणि जुने रिपोर्ट काढून फोन लावायला बसला. एकोणीस गाड्या निघाल्या. त्यातली एक शाळेची व्हॅन होती! अठरा तपासणीला परत आल्या. एकाचा फोन अजून लागत नाही. रंगनाथ रोज लावतो.

मंडळी, आपली सही म्हणजे अनोळखी माणसाला दिलेला शब्द असतो. तपासल्याशिवाय तो देऊ नका. आणि दिला असेल, तर आजच जाऊन सांगा!