तीन फुटांची ट्रॉली

चिंचपोकळीच्या आमच्या वर्कशॉपात लेझरने पत्रा कापायचं मशीन आलं, त्याच दिवशी एडवर्डशेठनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"दौलत, हे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगवर चालतं. तू शिकलास तर मशीन तुझ्या हाताखाली. नाय जमलं तर बाहेरून माणूस आणायला लागेल. मग तू त्याच्या हाताखाली."

एकतीस वर्षं मी इथे फिटर आहे. कालच्या पोराने येऊन मला 'हे धर, ते उचल' सांगायचं? तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, शिकतो.

शिकवायला शेठची मुलगी, ब्रेंडा. परीक्षाही तिनेच ठरवली. गोदामात माल ओढायची साधी ट्रॉली, तीन फूट लांब, एक दांडा, चाकं धरून सगळं पत्र्याचं. असल्या ट्रॉल्या मी डोळे मिटून केल्या असतील.

पहिल्या दिवशी चौकोन काढला. ब्रेंडा म्हणाली, "अंकल, रेघा निळ्या आहेत. म्हणजे चौकोन कुठे आहे ते कॉम्प्युटरला माहीत नाही."

"अगं, हा काय समोर!"

"त्याला सांगावं लागतं."

सांगितलं, तेव्हा कुठे रेघा काळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी पडद्यावर फिरवताना ट्रॉली उलटी झाली की मीच तिच्या खाली गेलो, ते मला आजवर कळलेलं नाही. चाक काढलं तर ते हवेतच राहिलं, पडेना. "खालून कोणी धरलंय काय?" मी विचारलं. ब्रेंडा हसत सुटली. मी नाही हसलो.

"इथे वजन नसतं, अंकल. आधी सांधायचं."

वजन नाही, वर-खाली नाही, आणि म्हणे ट्रॉली! डोक्याचा पार भुगा झाला. पण पंधरा दिवसांत पडद्यावर अख्खी ट्रॉली उभी राहिली, चांगली ऐसपैस. ब्रेंडा खूश झाली. मीही झालो, उगाच का खोटं बोला.

शनिवारी मशीन लावलं. पहिली चाचणी म्हणून पातळ रद्दी पत्रा घेतला. सगळे कामगार भोवती जमले. मशीन थांबलं, मी झाकण उचललं आणि आत हात घातला. तीन फुटांची ट्रॉली फूटभरसुद्धा नव्हती. चाकं तर बशीएवढीही नाहीत. मागून कोणीतरी म्हणालं, "दौलतभाऊ, नातवाला का?" कान तापले माझे.

शेठ मात्र हसले नाहीत. त्यांनी तुकडे एकात एक बसवले. सांधे चपखल बसले, कुठे फट नाही. मग पट्टी लावून बघितली.

"तू सुतात टाकलंस काय रे?"

आम्ही इंचाचे आठ भाग करतो, त्यातला एक भाग म्हणजे सूत. तीन फूट म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी सूत. आकडा मागितला तेव्हा मी तोच टाकला, दुसरा कुठला टाकणार? कॉम्प्युटरने तो मुकाट्याने मिलिमीटर धरला.

"एक सूत म्हणजे तीन पॉइंट एक सात पाच," ब्रेंडा म्हणाली आणि दोन-तीन बटणं दाबली. पडद्यावर काहीच हललं नाही. या वेळी मशीनने जाड पत्रा कापला आणि बरोब्बर तीन फुटांची ट्रॉली निघाली.

माझे पंधरा दिवस, आणि हिची तीन बटणं. मग मी पास की नापास?

"चूक कुठे झाली आणि कशी सुधारायची ते कळलं ना, अंकल?" ब्रेंडाने विचारलं. शेठ माझ्याकडे बघत होते. सगळेच बघत होते. उत्तरावर मशीन होतं.

मला काहीही कळलं नव्हतं. सगळं मोठं झालं तर पडद्यावर का नाही झालं, हेसुद्धा नाही. न कळता मान हलवणाऱ्यांना मी आजवर सगळ्यांसमोर झापलंय, बोटं जातील म्हणून.

मी मान हलवली.

"झालं तर मग," शेठ म्हणाले आणि मशीनची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला इतकी लाज वाटली, की मी खाली बघून तुकडे गोळा करत राहिलो.