यादीतून काढलेलं नाव

संस्थेत तिला सगळे किल्लीबाई म्हणत, पण तिच्या कमरेला एकही किल्ली नव्हती. तिच्या किल्ल्या संगणकात. घरच्या मारहाणीतून पळून आलेल्या बायकांना संस्था कुठे लपवून ठेवते, ते पत्ते फायलींमध्ये असत. किल्लीबाई पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एका ओळीची आज्ञा टाइप करी आणि फाइल कुलूपबंद होई. यादीत ज्याचं नाव, त्याच्याच किल्लीने ती उघडायची. बाकीच्यांना नुसती गिचमिड दिसे.

यादीत पाच नावं होती. पाचवं तिच्या धाकट्या दिराचं, तो संस्थेची गाडी चालवायचा. मनाने सोन्यासारखा माणूस, पण तोंडात तीळ भिजेल तर शपथ. शेवटी गेल्या आठवड्यात संस्थेच्या प्रमुखांनी, मोठ्या बाईंनी, त्याला कामावरून कमी केलं. किल्लीबाईने यादीतून त्याचं नाव काढलं, सगळ्या फायली नव्याने बंद केल्या आणि ऐटीत जाहीर केलं, "झालं. आता भाऊजींना काही उघडत नाही." संस्थेने लपवलेल्या बायकांपैकी एक शिवणकाम करायची, त्या शिवणवालीलाही तिने तेच सांगून ठेवलं. शिवणवालीचा नवरा तिला शोधत गावं पालथी घालत होता.

आज सकाळी दिराचा फोन आला.

"वहिनी, मला यादीतून काढलंत म्हणे. अहो, माझ्या लॅपटॉपवर अजून उघडतंय की सगळं!"

"काय उघडतंय?"

"तीच फाइल. शिवणवालीचा पत्ता, जिन्याशेजारची खोली, सगळं दिसतंय."

नवी प्रत तिने बंद केली होती. दिराकडे कामावर असताना उतरवलेली जुनी प्रत होती, आणि ती त्याच्या किल्लीने जन्मभर उघडणार होती. माणूस गेला की कुलूप बदलून भागत नाही, आत ठेवलेली गोष्टच बदलावी लागते, हे नवशिक्यालाही पहिल्या दिवशी सांगतात. बैल गेला आणि झोपा केला, आणि हिने वर त्या झोप्याचं कौतुकही करून घेतलं!

ती फोन कानाला धरूनच उठली, बसली, पुन्हा उठली. पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच झाकण लावलं. पलीकडच्या खोलीत मोठ्या बाई कुणाशी तरी हसत बोलत होत्या. दिराकडे जावं, ती प्रत पुसून टाकावी, विषय संपला. घरातली गोष्ट घरात राहिली असती, आणि नऊ वर्षांत कमावलेलं नावही.

"भाऊजी, लॅपटॉप दुसऱ्या कुणाच्या हातात गेला होता का?"

"छे! म्हणजे परवा दोन दिवस दुरुस्तीला दिला होता, तेवढाच. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला मी. नाहीतर तो बिचारा काम कसं करणार?"

काय हा दयाळूपणा! तिला त्याचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. दुरुस्तीवाल्याने त्या फाइलमध्ये डोकावलं की नाही, कळायला काही मार्ग नव्हता. कदाचित नसेलही. त्या 'कदाचित'वर ती स्वतः झोपू शकली असती, पण शिवणवालीला झोपवण्याचा हक्क तिला कुणी दिला होता? तिने फोन ठेवला आणि मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बाई ओरडल्या नाहीत. गाडीची चावी घेऊन त्या जिना उतरायला लागल्या.

दोघी पोचल्या तेव्हा जिन्याशेजारच्या खोलीत शिवणवाली मशीनवर बसली होती. मुलीला इथल्या शाळेत जेमतेम बारा दिवस झाले होते, आणि कालच तिला एक मैत्रीण मिळाली होती.

"निघायला हवं. आत्ताच," किल्लीबाई म्हणाली. "वाटेत मुलीला शाळेतून घेऊ. मशीन मागाहून पाठवते."

"तुम्ही तर म्हणालात, आता कुणाला उघडत नाही."

"म्हणाले होते. चुकलं माझं. माझ्यामुळे तुम्हाला जावं लागतंय."

शिवणवालीने दातांनी दोरा तोडला. अर्धवट शिवलेला झगा घडी करून पिशवीत भरला, कोपऱ्यातले मुलीचे बूट घेतले. दोघी खाली आल्या, तिथे मोठ्या बाई गाडी सुरू करून बसल्या होत्या. किल्लीबाई पिशवी घेऊन तिच्यामागोमाग गाडीत चढायला गेली, तेव्हा शिवणवालीने दारावर हात ठेवला.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली. "पण नव्या खोलीचा पत्ता तुम्हाला ठाऊक नसलेला बरा."

किल्लीबाईने पिशवी तिच्या मांडीवर ठेवली, दार नीट लावलं आणि ती रस्त्यावरच थांबली.