हात गावच्या माणसाचाच हवा

एस्टोनियाहून आलेला मुलगा बोलतच नाही, ही बातमी त्याची बॅग श्टाडलरांच्या घरात पोचायच्या आत ऊंटरविम गावभर झाली होती. 'युरोपीय नागरिकत्व' या विषयावर शाळेने चार देशांची पोरं गोळा केली होती आणि घरोघरी वाटून दिली होती. शेजारी पोर्तुगालची पोरगी आली. ती पहिल्याच संध्याकाळी त्या घरच्या आजीला अंगणात नाचवत होती. क्विरिन श्टाडलरच्या वाट्याला आला तानेल. उंच, पांढुरक्या भुवयांचा, आणि काहीही विचारलं की त्यावर आधी नीट विचार करणारा. त्याचा विचार होईपर्यंत विचारणारा निघून गेलेला असे.

"मुका आहे का रे हा?" क्विरिनचा बाप कास्पर त्याच्यासमोरच विचारायचा.

"नाही हो बाबा. त्यांच्याकडे असंच असतं."

"आपल्या गाई जास्त बोलतात याच्यापेक्षा."

क्विरिनची आई बुर्गी मात्र खूश होती. "या घरात माझं ऐकून घेणारं पहिलंच माणूस आलंय," असं म्हणून ती त्याच्या ताटात बटाट्याचा आणखी एक गोळा टाकायची. तानेल तो खायचा, ताट धुऊन ठेवायचा आणि कुणी न सांगता गोठ्यातलं शेण काढायला जायचा. हे शेवटचं क्विरिनला अजिबात आवडलं नव्हतं, कारण आता आई त्यालाही तेच करायला सांगू लागली होती.

बुर्गी वरच्या गावची. ओबरविम म्हणजे वरचं गाव आणि ऊंटरविम म्हणजे खालचं. दोन्हींच्या मधे एक चढ, एक वळण आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं. लग्न होऊन ती इथे आली त्याला क्विरिनच्या वयाहून जास्त वर्षं झाली. अग्निशामक दलाच्या जत्रेचे केक तीच भाजायची, सासऱ्याचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं. तरी बेकरीत तिचं नाव 'वरची बुर्गी' ते 'वरची बुर्गी'च. कास्परचा तर कायदाच होता: ज्याचा आजा आपल्या चर्चच्या आवारात पुरलाय तो आपला, बाकी सगळे पाहुणे. जेवताना तो हे हसत हसत सांगायचा आणि बुर्गी पातेल्यावर झाकण जरा जोरात ठेवायची. आईला चिडवलेलं आवडतं, अशी क्विरिनची पक्की समजूत होती. पोरांच्या समजुती अशाच सोयीच्या असतात.

पण त्या दिवसांत घरात आईचा विचार करायला सवड कुणाला होती? सगळ्यांचा जीव कोठारातल्या झाडात अडकलेला होता. एक मे रोजी गावच्या चौकात उभं करायचं झाड. साल काढून गुळगुळीत केलेलं, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवलेलं, चर्चच्या मनोऱ्याशी बरोबरी करणारं. ते उभं राहीपर्यंत शेजारच्या गावाने पळवून न्यायचं, हा दोन्ही गावांचा हक्क. पळवलेलं झाड सोडवून आणायचं तर चोरांना पोटभर बिअर आणि जेवण द्यायचं, शिवाय वर्षभर टोमणे खायचे. पोलिसांकडे जायचं नाही. गावच्या माणसाने झाडाला हात लावून "झाड इथेच राहणार" म्हटलं की चोरांनी निमूट सोडून जायचं. मात्र झाड एकदा वेशीची पाटी ओलांडून गेलं की ते गेलं.

कास्परच्या लग्नाच्या वर्षी झाड याच कोठारातून गेलं होतं, आणि नेलं होतं त्याच्या सख्ख्या मेव्हण्याने, लेन्झने. नवरदेव बायकोबरोबर नाचत असताना. "बायको खाली आली, झाड वर गेलं," असं लोक अजून म्हणत. त्यानंतर श्टाडलरांच्या कोठारात झाड ठेवायचं कुणी नावच काढलं नव्हतं. यंदा कास्परने हातापाया पडून ते पुन्हा मागून आणलं होतं. यंदाही गेलं असतं तर त्याला आणि त्याच्या पोराला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. हे त्याने क्विरिनला रोज सकाळी न चुकता सांगितलं.

नेमका शाळेच्या त्या प्रकल्पाच्या समारोपाच्या दुपारी पहारा क्विरिनकडे आला आणि भाषणही त्याच्याकडेच आलं. गावच्या खाणावळीचं सभागृह भरलं होतं. नागरिकत्वासाठी कुणी आलं नव्हतं, बुर्गीच्या हातच्या बटाट्याच्या सॅलडसाठी आले होते. क्विरिनने तानेलला कोठारात नेलं.

"मी अर्ध्या तासात येतो. कुणी परकं आलं तर झाडाला हात लाव आणि म्हण, 'झाड इथेच राहणार.' म्हणून दाखव बरं."

तानेलने विचार केला. मग मान डोलावली. क्विरिन पळाला.

त्यानंतर कोठारात काय झालं ते पुढे लेन्झनेच सगळ्यांना रंगवून सांगितलं. तो ट्रॅक्टर आणि लांबलचक गाडा घेऊन दोन माणसांसह आला. तानेल दारात उभा. लेन्झला पाहून त्याने हात पुढे केला, कारण रविवारी कॉफीला हेच मामा समोर बसले होते आणि मामा काही परके नव्हेत. लेन्झ म्हणाला, "ये बाळा, जरा शेंड्याकडून उचल." तानेलने उचललं. वरच्या गावच्या दोन धटिंगणांपेक्षा जोर लावून उचललं. मग लेन्झने त्याच्या हातात लाल फडकं दिलं आणि मागे बसायला सांगितलं, म्हणजे मागून येणाऱ्या गाड्यांना झाड दिसेल. इतका कामसू पहारेकरी त्याने जन्मात पाहिला नव्हता.

चढावर गावाच्या नावाची पिवळी पाटी आली. तिच्यावर तांबडी रेघ मारलेली, म्हणजे इथे गाव संपलं. तानेलने ती पाटी पाहिली आणि विचार केला. मग फडकं टाकलं, दोन्ही हात झाडावर ठेवले आणि खणखणीत आवाजात ओरडला, "झाड इथेच राहणार!"

लेन्झ इतका दचकला की ब्रेकवर पाय पडेपर्यंत गाडा पाटीच्या पार पलीकडे गेला.

इकडे क्विरिन माईकसमोर उभा होता. भाषण त्याने इकडून तिकडून उचललेलं होतं आणि म्हणूनच ते झकास होतं. "सीमा या फक्त आपल्या मनात असतात," तो म्हणत होता. "आजच्या युरोपात कुणीही परका..." तेवढ्यात समोर ठेवलेला फोन उजळला. तानेलचा निरोप होता: 'झाड. पाटीपाशी. मामा.'

"झाड चोरलं!" क्विरिन माईकमध्येच किंचाळला. "वरच्यांनी झाड चोरलं!"

सभागृह रिकामं व्हायला भाषण सुरू व्हायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या पावपटच लागला. पुढे कास्पर, मागे बँडवाले, त्यांच्या मागे पोर्तुगालची, इटलीची पोरं आनंदाने आरडाओरडा करत, आणि सगळ्यांच्या मागून ड्रेक्सलर बाई, ज्यांनी हा सगळा प्रकल्प आखला होता. "अरे, प्रमाणपत्रं राहिली!" त्या धावता धावता ओरडत होत्या.

पाटीपाशी तानेल झाडाला चिकटून बसलेला. लेन्झ ट्रॅक्टरला टेकून उभा.

"या दाजी, या," तो म्हणाला. "झाड पाटीपलीकडे आहे. माझ्या बाजूच्या चौकात शोभून दिसेल."

"अलीकडे असताना पोराने हात लावलाय! लावलाय की नाही?"

"लावलाय. मी खोटं बोलणार नाही. पण हात गावच्या माणसाचाच हवा. हा एस्टोनियाचा."

"आमच्याकडे राहतो तो!"

"पाहुणा राहतो. शनिवारी विमानात बसेल. उद्या तुम्ही चिनी पर्यटक आणून बसवाल झाडावर."

"आमचाच आहे तो!" कास्पर लाल झाला. "माझ्या छपराखाली झोपतो, माझ्या गोठ्यातलं शेण काढतो!"

"आणि आज माझ्यासाठी झाड उचललं, फडकं धरलं. मग आमचाच म्हणा की. बाळा, वर येतोस? आमच्याकडे शेण काढावं लागत नाही, यंत्र आहे."

आता वरच्यांनी तानेलचा एक दंड धरला आणि खालच्यांनी दुसरा. दीड आठवडा ज्याला कुणी साधं विचारलंही नव्हतं, त्याच्यासाठी दोन गावं हमरीतुमरीवर आली. पोर्तुगालची पोरगी "ता-नेल! ता-नेल!" अशा घोषणा देत होती. ड्रेक्सलर बाईंना भरून आलं. "हाच आपला विषय आहे मुलांनो," त्या सांगत होत्या, "नागरिक कोणाला म्हणायचं?" कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं.

क्विरिन पुढे घुसला. "मामा, तो आमचा आहे. ज्या घरात माणूस राबतो, त्या घरचा आणि त्या गावचा तो होतो. अजून काय पाहिजे?" हे त्याने कुठूनही उचललेलं नव्हतं, त्यामुळे त्याचा आवाज कापत होता.

लेन्झने मान डोलावली. मग त्याची नजर गर्दीच्या कडेला गेली आणि तिथेच थांबली.

"चांगलं बोललास," तो सावकाश म्हणाला. "पण तू पोर आहेस. हे तुझ्या बापाने म्हणावं. दाजी, सगळ्यांसमोर म्हणा: जो खालच्या गावात राहतो आणि राबतो तो खालच्या गावचा, आजा कुठेही पुरलेला असो. एवढं म्हणा, मी झाड परत नेऊन देतो. बिअरचा थेंबही मागणार नाही."

"एवढंच ना!" कास्पर म्हणाला. छाती फुगवून त्याने तोंड उघडलं, आणि मेव्हण्याची नजर कुठे लागलीय ते वळून पाहिलं.

तिथे बुर्गी उभी होती. ॲप्रन तसाच, हातात सॅलडचा मोठा चमचा.

कास्परची फुगलेली छाती खाली बसली.

"बोल की," बुर्गी म्हणाली. "मीही ऐकायलाच आलेय. त्या पोराला दीड आठवडा पुरला वाटतं."

बँडवाल्यांपैकी एकाने हातातला कर्णा निरखायला सुरुवात केली. बेकरीवाली बाई आपल्या बुटांकडे बघू लागली, आणि मग एकेक करून सगळं गावच आपापल्या बुटांकडे बघू लागलं. क्विरिनला आठवलं, शाळेत मुलं त्याला 'अर्धा वरचा' म्हणत तेव्हा तो ओरडून सांगायचा, मी नाही, फक्त आई. त्याला इतकी लाज वाटली की तोही बुटांकडे बघू लागला.

"बुर्गी, घरी बोलू," कास्पर पुटपुटला.

"घरी तर रोजच बोलतोस. पातेल्यांना पाठ झालंय."

"अगं, ती थट्टा..."

"मग आता थट्टेनेच म्हण. पण मोठ्याने म्हण. वरपर्यंत गेलं पाहिजे."

कास्परने झाडाकडे पाहिलं. सुंदर झाड होतं, त्याने स्वतः रंगवलेलं. मग त्याने बायकोकडे पाहिलं, आणि या वेळी जरा जास्त वेळ पाहिलं. टोपी काढली.

"जो खालच्या गावात राहतो आणि राबतो," तो म्हणाला, "तो खालच्या गावचा. हा पोरगा आमचा आहे." मग तो बायकोकडे वळला. "आणि माझी बायको वाल्बुर्गा श्टाडलर. ती या गावची आहे. आली त्या दिवसापासून. हे मी आधी म्हणायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बेकरीवाली म्हणाली, "खरंच आहे की," आणि एवढं म्हणतानाही तिचा चेहरा गोरामोरा झाला. लेन्झने नाक शिंकरलं आणि धुळीला शिव्या दिल्या, धूळ कुठेच नसताना.

बुर्गीने ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले. "बरं," ती म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी मला आपलं म्हटलंत, छान केलंत. आता मी विचार करते, मला या गावची व्हायचंय का ते."

सगळे हसले. कास्पर हसला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत होता, आणि ते उत्तर काय येईल हे त्याला ठाऊक नव्हतं.

"झाड परत न्यायचंय ना?" ती लेन्झला म्हणाली. "एवढा लांब गाडा उताराला मागे घ्यायचा. येतं का तुला?"

"या वळणावर? माझ्या बापालाही येणार नाही."

"आपल्या बापाला येत होतं. त्यानेच मला शिकवलं, तुला नाही. हो बाजूला."

चमचा क्विरिनच्या हातात देऊन ती ट्रॅक्टरवर चढली. क्विरिनने आईला ट्रॅक्टर चालवताना कधी पाहिलंच नव्हतं. तिने मागे वळून बघितलं, गिअर टाकला, आणि ते लांबलचक झाड पाटी ओलांडून गावाकडे मागे मागे सरकू लागलं. त्याच्यावर तानेल दोन्ही हात टेकून बसला होता. हात काढ म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बाजूने कास्पर टोपी हातात घेऊन धावत होता आणि "डावीकडे, बुर्गी, डावीकडे!" म्हणून ओरडत होता. ती शांतपणे उजवीकडे वळवत होती, आणि झाड अगदी सरळ गावात चाललं होतं.