तिरपी घडी

फांग तुंगश्येनना संशय घ्यायला एरवीही कारण लागत नसे. आज तर कारणच घर विचारत आलं होतं. यांगझोच्या एका मिठाच्या व्यापाऱ्याचा मुनीम, लू, त्यांच्या नव्या चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, राग मानू नका. हे काही फांग शैलीतलं वाटत नाही."

"फांग मीच आहे."

"ते खरं हो. पण त्या दोन रेघा कुठायत?"

लूने सोबतचं चित्र उलगडलं. तोच कोरडा कुंचला, तेच बोडके खडक, कड्यावर लोंबणारा तोच वाकडा देवदार. फक्त डोंगरावरून दोन तिरप्या कोऱ्या रेघा आरपार गेलेल्या. यांगझोत आता जो तो असंच काढत होता म्हणे, आणि त्या रेघांना 'ढगाच्या वाटा' म्हणत होता.

"रेघा नसल्या तर मालक नकली समजतील. बघा विचार करून, संध्याकाळी येतो," असं सांगून लू गावात फिरायला गेला.

रेघांचं फांगना कळेना, पण देवदार त्यांनी ओळखला. तो त्यांनी याच वसंतात काढून पाहिला होता आणि फसला म्हणून टाकून दिला होता. बाहेरच्या कुणी तो पाहिलाच नव्हता. म्हणजे चोर घरातला. आणि घरात दुसरं होतं कोण? तीस वर्षं त्यांची शाई उगाळणारी बायको, हू-शी. फसलेले कागद चुलीत घालायला ते तिच्याच हाती देत. हल्ली ती दर पंधरवड्याला नदीच्या धक्क्यावर जाते, हेही आता त्यांना आठवलं.

तिने नेहमीसारखी शाई उगाळायला घेतली, तर त्यांनी दगड ओढून घेतला.

"का? माझ्या हाताला काय झालं?"

"काही नाही. जरा जास्तच चालतो."

तिचा चेहरा उतरला. फांगनी एक फसलेला कागद पुढे केला. "हा जाळ," म्हणाले, आणि पाय न वाजवता तिच्या मागोमाग गेले.

हू-शीने चुलीकडे पाहिलंसुद्धा नाही. कागदावर वाळवलेले बांबूचे कोंब नि धुरावलेलं टोफू ठेवलं, दोन तिरप्या घड्या घातल्या आणि दोरीने पुडी बांधली.

"जाळायला सांगितलं होतं ना?"

ती दचकली. "अहो, डोंगर कसा जाळायचा? यांगझोला आपल्या जिंगशूला धाडते, नावाड्याबरोबर. तिकडे सगळं सपाट. पोराला तेवढाच घरचा डोंगर दिसतो. दुकानाच्या भिंतीला डकवतो म्हणे, लोक बघायला येतात."

फांगनी पुडी सोडली. आठवडाभराच्या प्रवासात घडीवरची शाई घासून उडणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आख्खं यांगझो टोफूच्या घड्या गिरवत होतं. त्यांना हसू आलं, आणि लगेच लाज वाटली. या बाईला आपण चोर ठरवलं होतं.

ते उठले आणि लूसाठी टांगलेलं चित्र काढून घेऊन आले.

"यात बांध."

"अहो, हे तर चांगलं आहे. मुनीम न्यायला येईल ना?"

"येऊ दे. पोराला आजवर माझं फसलेलंच मिळालं."

हू-शीने हात पुसले आणि शाई वाळली आहे ना, ते बोट लावून पाहिलं.

"घडी तिरपीच घालू?"

"तुझ्या हाताला येते तशी घाल," फांग म्हणाले, आणि शाईचा दगड तिच्यापुढे सरकवला.