न हुंगलेलं फूल

बिसोला व्यसन असं एकच होतं, वास घेण्याचं. नवं कापड असो, ओली माती असो की दुसऱ्याच्या चुलीवरचं कालवण, आधी तिचं नाक पुढे जायचं आणि मागून ती. त्या नाकानेच आज घात केला.

गावाची बस पहाटे कँडीला निघाली होती. शेजारीण हीनमेनिके डुलकी घेत होती आणि तिचा डबा बिसोच्या मांडीवर होता. डब्यात, ओल्या फडक्यात, नागचाफ्याचं फूल. बारा वर्षांपूर्वी हीनमेनिकेचा नवरा झाडावरून पडला, तेव्हा तिने नवस बोलला होता, की हा चालायला लागला तर दारात नागचाफा लावीन आणि त्याचा पहिला बहर कँडीच्या दंतमंदिरात, बुद्धाच्या दातापुढे वाहीन. नवरा दोन महिन्यांत चालू लागला. झाडाने मात्र आत्ता कुठे मनावर घेतलं. आणि त्याच फुलाचा बिसोने पहिल्या वळणावर वास घेतला, चांगला छाती भरून. मग तिला घाम फुटला. हुंगलेलं फूल बुद्धाला चालत नाही, हे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक.

वाटेत पेराडेनियाच्या बागेत उतरताना हीनमेनिकेने डबा आपल्या पिशवीत ठेवला आणि पदराने बिसोचं नाक पुसलं. "धूळ बसलीय," म्हणाली. बायका झाडांना लटकलेली वटवाघळं मोजत हिंडल्या. बिसोचा जीव डब्यात अडकलेला. दुपारी केळीच्या पानात बांधलेला भात सोडला, तर खोबऱ्याच्या चटणीचा वास येऊनही तिला घास जाईना.

"काय गं, तू आणि भात टाकतेस?" हीनमेनिकेने विचारलं.

"बस लागली, अक्का."

"बसमध्ये तर खुशीत होतीस."

चोराच्या मनात चांदणं. बिसोने घास कोंबला.

कँडीला तळ्याकाठी घोरपड दिसली, बायका ओरडल्या, बिसोला तिचंही काही वाटलं नाही. मग तिथला नाच बघितला. ढोल घुमले, शेवटी दोन गडी निखाऱ्यांवरून चालून गेले. त्यात काय एवढं, बिसोला वाटलं, मी सकाळपासून चालतेय. सांगावं तर तीस वर्षांचा शेजार तुटेल. न सांगावं तर अक्काचा नवस बाटेल, आणि त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या पायाला पुन्हा काही झालं तर?

मंदिराबाहेर कमळं विकायला मांडली होती. बिसोने शेवटचा डाव टाकला.

"अक्का, कमळं बघ किती ताजी आहेत. तीच वाहू. तुझं फूल दिवसभरात मलूल झालं असेल."

"बारा वर्षं झाडाला पाणी घातलं, ते कमळ विकत घ्यायला?"

आत सगळीकडे पांढरी लुगडी, पांढरे सदरे. ढोल सुरू झाले, रांग जिना चढली. पुढे आता चारच माणसं उरली. हीनमेनिकेने पिशवीत हात घातला, आणि बिसोने तो मनगटाला धरला.

"नको, अक्का. मी हुंगलंय ते. सकाळीच. मार मला हवं तर, पण ते वाहू नकोस."

हीनमेनिकेने शांतपणे हात सोडवून घेतला.

"माहीत आहे. नाकाला पिवळा पराग लावून उतरलीस. मीच नाही का पुसला?"

"मग दिवसभर बोलली का नाहीस?"

"बघत होते, किती दम धरतेस. मला वाटलं, भाताच्या वेळेला ओकशील."

मग तिने सकाळचा डबा बिसोच्या हातात दिला आणि पिशवीच्या तळातून दुसरा, छोटा डबा काढला. त्यातही ओलं फडकं, त्यातही फूल.

"झाडावर दोन उमलली होती. एक बुद्धाचं, एक तुझ्या नाकाचं. तुझं तुझ्या मांडीवर ठेवलं, म्हणजे हे वाचेल. तुझ्या शेजारी तीस वर्षं काय उगाच काढली?"

तेवढ्यात त्यांची पाळी आली. दारातून दाताचा सोन्याचा करंडक क्षणभर झळकला. हीनमेनिकेने फूल ठेवलं, हात जोडले आणि नवऱ्याचं नाव घेतलं. बिसोला मात्र काही नीट दिसलं नाही, कारण तिचे डोळे वाहत होते.

बाहेर पायरीवर हीनमेनिकेने हात पुढे केला.

"आण ते तुझं फूल. बारा वर्षं पाणी घातलं, मलाही कळू दे कसल्या वासाला घातलं."

तिने डोळे मिटले आणि फूल नाकाशी धरलं. बस भोंगा वाजवत राहिली, पण तिने ते बराच वेळ परत दिलं नाही.