लोडशेडिंगमध्ये फुलणारं झाड

मृणालीच्या तोंडाला ब्रेक आधीच नव्हता. त्यात तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आला आणि मग तर ती उतारावरच सुटली. मग बुधवारी विज्ञानाच्या तासाला तरे सर जेव्हा म्हणाले, "यंदा प्रदर्शनाला आपल्या भागातली अडचण घेऊन जाऊ. कोणाला काही सुचतंय?" तेव्हा नववी 'ब'मधून एकच हात वर गेला, आणि हाताच्या आधी तोंड सुरू झालं.

"सर, आमच्याकडे लोडशेडिंगमध्ये फुलणारं झाड आहे!"

वर्ग फिसकन हसला. मागून रंजिता म्हणाली, "आमच्याकडे पाण्याशिवाय पोहणारा मासा हाय."

पण मृणाली थांबली तर ना! तिने सगळं सांगून टाकलं. झाड तिच्या मोठ्या भावाचं, मितेशचं. परदेशी. गच्चीवरच्या बंद खोलीत, पांढऱ्या बल्बखाली वाढवलेलं. बाकीच्या झाडांना फुलायला उजेड-अंधाराचं वेळापत्रक लागतं, ह्याला नाही. दिवसाला आठ तास वीज जाऊ दे, ठरलेलं वय झालं की हे आपलं आपण फुलतं.

तरे सरांनी चष्मा काढून पुसला. "वा! रविवारी दहाला येतो बघायला."

मितेशदादूसला हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा चुना फासल्यासारखा झाला.

"कोणी सांगितलं होतं बोलायला?"

"मग काय झालं? तुझंच नाव होईल ना!"

"झाड दाखवायचं नाही. विषय संपला."

पण विषय कुठला संपतोय! बाबांनी, म्हणजे केसरीनाथ शेठनी, तोवर सरांना फोन करून नाश्त्याचं आमंत्रणसुद्धा दिलं होतं. पोराने कॉलेज सोडल्यापासून त्यांना त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही मिळालंच नव्हतं. राहनाळच्या नाक्यावर ते भेटेल त्याला सांगत सुटले, "आमच्या मितेशनी झाड बनवलंय. शाळा बघायला येते." वर गावच्या पोलीस पाटलांना, दौलतकाकांनाही बोलावून बसले.

चार दिवस मितेश तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखा घरभर तडतडत होता. जेवताना उठायचा, गच्चीवर जायचा, कुलूप ओढून बघायचा, खाली यायचा, परत उठायचा. मृणालीला वाटलं, जळतोय. आपलं नाव पुढे होईल म्हणून जळतोय.

रविवारी आठ वाजता तो बाईक काढून भिवंडीला गेला. "नर्सरीतून येतो. मी येईपर्यंत वर कोणी जायचं नाही."

पण पाहुणे येणार आणि वरची खोली झाडायची नाही, हे आक्काच्या तत्त्वात बसत नव्हतं. आक्का म्हणजे बाबांची मोठी बहीण, घरातलं सुप्रीम कोर्ट. मितेश बाहेरगावी गेला की झाडाला पाणी घालायचं काम मृणालीकडे असायचं, त्यामुळे दुसरी चावी तिच्याचकडे होती. तिने कुलूप काढलं. आक्का झाडू घेऊन आत शिरली आणि दोन पावलांवर थांबली.

झाड होतं हातभर. भिंतीला चमकता कागद लावलेला, वर बल्ब, खाली एकुलती एक कुंडी. शेंड्याला बारीक हिरवी फुलं गच्च धरलेली.

आक्काने वाकून एक पान बोटांत धरलं. "बाय, ह्ये कनी लावलं?"

"दादूसनी. परदेशी आहे, शोभेचं."

"कसलं परदेशी! गांजा हाय ह्यो. माझा सासरा भजनाला बसला का चिलीम भरायचा, ही पानं मना शिकवतंस?"

मृणालीला हसू आलं. मग आलं नाही. चार दिवसांचं दादूसचं उठणं-बसणं एकदम सरळ रेषेत उभं राहिलं, आणि त्या रेषेच्या टोकाला खुर्चीत दौलतकाका बसलेले दिसले. भर वर्गात हात वर करून आपण भावाच्या अटकेचं आमंत्रण वाटून आलो!

"बापाला बोलू नको," आक्का कुजबुजली. "जीव घेल पोराचा."

मृणालीने मितेशला फोन लावला. चौथ्यांदा लागला. मागे हॉर्नचा कल्लोळ.

"अंजूर फाट्याला अडकलोय! कंटेनर आडवा झालाय. झेंडू घेतलाय, येऊन बदलतो. तू दार उघडू नको."

"उघडलंय. आक्काने ओळखलं पण."

पलीकडून दादूस ओरडला, "झाडाला हात लावू नको हां, मृणाली. दोन महिने घातलेत मी. पहिल्यांदा जमलंय काहीतरी. पंधरा दिवस फक्त राहिलेत."

"दादूस, दौलतकाका येतायत!"

"हात लावू नको सांगितलं ना!"

फोन कट झाला आणि खाली फाटक वाजलं. पावणेदहा. शिक्षक लोक वेळेच्या आधी का येतात, देव जाणे.

"या या सर! दौलतशेठ, तुम्ही पण बरोबरच!" बाबांचा आवाज जिन्यातून वर आला. "चला, आधी झाड बघू, मग नाश्ता."

मृणालीने कुंडीकडे बघितलं. प्रदर्शन, टाळ्या, रंजिताचं उतरलेलं तोंड, सगळं त्या हातभर झाडावर टांगलेलं होतं. तिने दोन्ही हातांनी बुंधा धरला आणि ओढला. मुळं चर्र करून सुटली. ती कठड्याकडे पळाली आणि झाड मागच्या नाल्यात भिरकावलं. कापड रंगवणाऱ्या डाईंगवाल्यांचं पाणी आज जांभळं होतं. झाड एकदा उलटं झालं, आणि पुलाखाली गेलं.

ती परत खोलीत आली तर सर दारात. दौलतकाका गुडघे धरून अजून जिन्याच्या मधल्या वळणावरच धापा टाकत होते, आणि बाबा त्यांना हात देत होते.

सरांनी बल्ब बघितला, चमकता कागद बघितला, उकरलेली कुंडी बघितली. नाक किंचित हललं. मग वाकून त्यांनी फरशीवरचं एक पान उचललं, दोन क्षण निरखलं, आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

"झाड कुठाय, मृणाली?"

वक्तृत्वात दुसरी आलेल्या मुलीने दोनच शब्द काढले. "उपटलं, सर."

"कोणी?"

"मीच."

"कधी कळलं तुला?"

"आत्ता. दहा मिनिटांपूर्वी."

बाबा वर पोचले. "काय सर? हाय का न्हाय भारी?"

सर काही बोलायच्या आत मृणाली पुढे झाली. "झाड नाही, बाबा. मी वर्गात मोठ्या गप्पा मारल्या. फुलबिल काही आलं नव्हतं. सर येणार म्हणून घाबरले आणि फेकून दिलं."

बाबांचा चेहरा एवढा पडला की तिला ते झाड नाल्यातून परत आणावंसं वाटलं. दौलतकाका कपाळ पुसत म्हणाले, "म्हंजे मी तीन जिने फुकट चढलो?"

"पोहे फुकट न्हाईत," आक्काने सगळ्यांना जिन्याकडे हाकललं. "चला, निवतात."

खाली सर शांतपणे पोहे खात होते. "उद्या वर्गात सांगावं लागेल," ते म्हणाले. "मी सांगू?"

"नाही सर. मीच बोलले होते, मीच सांगीन." रंजिता काय काय म्हणेल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. तरी मान वर होती.

तेवढ्यात बाईक थांबली. मितेश घामाने निथळत, काखेत झेंडूची कुंडी घेऊन दारात उभा राहिला. त्याने बहिणीकडे बघितलं. तिने नाही म्हणून मान हलवली. त्याच्या हातातली कुंडी कलंडली आणि माती पायरीवर सांडली.

"मितेश," तरे सर म्हणाले. त्यालाही त्यांनीच शिकवलं होतं, आठवीपासून दहावीपर्यंत. "उद्या शाळा सुटल्यावर मला येऊन भेटायचं. एकट्याने."

"ह्याला कशाला, सर?" बाबा म्हणाले.

सरांनी शर्टाच्या खिशावरून हात फिरवला. ते मितेशकडेच बघत राहिले.

"हो सर," बावीस वर्षांचा मितेश म्हणाला, आणि झेंडू छातीशी धरून तसाच पायरीवर उभा राहिला. आत ये म्हणून कोणी सांगेपर्यंत.